गुत्त्यानं घेऊ नको, एकेक वस्तू हातात घेऊन पाहा

वाचकाचं पत्र :

आदरणीय काका, नमस्कार. मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २४. बी.एस्सी. झाल्यावर घरची शेती पाहतो आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. शाळेत असताना नागपूरला मामाकडे गेलो होतो. तिथं एनसीसीच्या मुलांनी रिमोटवरचं विमान उडवलेलं पाहिलं, ते आजपर्यंत डोक्यातून गेलेलं नाही. आता नागपूरचे एक गृहस्थ त्यांचं सगळं सामान विकत आहेत. ४६ नंबरच्या ग्लो (इंधनावरच्या) इंजिनचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं ट्रेनर विमान आणि त्याचा लांब अँटेनावाला एफएम रेडिओ (म्हणजे विमानाचा रिमोट), मागं पंखा असलेलं फोमचं विमान (एकदा नाक तुटून चिकटवलेलं), फ्लायस्काय आय-६ रेडिओ, ३ सेलच्या २२०० एमएएचच्या तीन बॅटऱ्या आणि चार्जर. सगळं मिळून २२ हजार, सुटं देणार नाही म्हणतात. तीन वर्षांपासून सामान माळ्यावर आहे, पण फोटोत नव्यासारखं दिसतं. सोयाबीनचे पैसे हातात आले आहेत. बाबा म्हणतात, "हा पोट्ट्यायचा खेळ होय बाबू, याच्यात पैसे नको घालू." जवळपास शिकवणारं कोणी नाही. घेऊ का? परवाना लागतो का?
– एक वाचक, दिग्रस तालुका, जि. यवतमाळ

प्रिय भाऊ,

आधी सरळ उत्तर देतो. २२ हजार मोजून सगळं सामान घरी आणू नको. पण नागपूरला जा, नक्की जा, आणि त्या गृहस्थांना भेट. त्यांच्या सामानातल्या दोन-तीन वस्तू तुझ्या फार कामाच्या आहेत. बॅटऱ्या फुकट दिल्या तरी घेऊ नको. आणि त्यांच्याकडे अजून एक गोष्ट आहे, जी विकायला काढलेली नाही पण तुला तीच सगळ्यात जास्त लागणार आहे. तिच्याबद्दल पुढं लिहितो.

तुझ्या बाबांनी बैलजोडी घेताना कधी फोटो पाहून पैसे दिले नसतील. दात पाहिले असतील, खूर पाहिले असतील, खांदा सुजलेला नाही ना ते चाचपलं असेल, आणि शेवटी जुंपून चार पावलं चालवून पाहिलं असेल. जुनं विमान असंच घ्यायचं. गुत्त्यानं घेतलं की चांगल्या वस्तूच्या आडून वाईट वस्तू घरात येते. म्हणून एकेक वस्तू घेऊन बोलू.

बॅटरीपासून सुरू करतो, कारण तिच्यात पैसेही जातात आणि घरही जळू शकतं. या बॅटऱ्या लिथियम पॉलिमरच्या, सगळे त्यांना लायपो म्हणतात. फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या तू दर बाजाराला पाहतोस. ही त्याच जातीची, पण हिच्यातून निघणारा करंट कितीतरी पट. २२०० एमएएच आणि २५ सी (म्हणजे क्षमतेच्या पंचवीसपट करंट) लिहिलेलं असेल तर कागदोपत्री ती ५५ अँपिअर देते. ती वापरली नाही तरी म्हातारी होते. एका सेलचा पूर्ण भरल्यावरचा व्होल्टेज ४.२, आणि ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवावी लागते. भरून ठेवली तर आतून खराब होते आणि फुगते. रिकामी ठेवली तर हळूहळू सेल ३ व्होल्टच्या खाली उतरतो आणि मग तो परत भरणं धोक्याचं होतं. या तीन बॅटऱ्यांनी नागपूरचे तीन उन्हाळे माळ्यावर काढलेत. मे महिन्यात तिथं पारा ४५ च्या पुढं जातो, माळ्यावर त्याहून जास्त. बाहेरचं वेष्टन चकचकीत असेल, म्हणून फोटोत नव्यासारख्या दिसतात. त्यांची किंमत शून्य धर.

नव्या दोन घे. २२०० ची ३ सेलची बॅटरी साधारण दीड ते दोन हजारांना येते. ती २.२ अँपिअरनंच भर, तासाभरात भरते. उडवताना एका सेलला ३.५ च्या खाली जाऊ देऊ नको. आणि आता एक गोष्ट खास तुझ्या घरासाठी लिहितो. आपल्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवतात. ज्या खोलीत कापूस आहे तिथं ही बॅटरी भरायची नाही, ठेवायची नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. कुटाराच्या कोठ्यातही नाही. अंगणात फरशीवर किंवा दगडावर ठेवून भर, शेजारी रेतीची बादली असू दे आणि भरून होईपर्यंत तिथून हलू नको. आपल्या भागात कापसाला लागलेली आग कशी आत-आत धुमसत राहते ते तुला मी सांगायला नको.

चार्जर मात्र जुना घ्यायला हरकत नाही, जर तो प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा दाखवत असेल आणि सगळे सेल सारखे करून भरत असेल. तुझ्याकडे मल्टिमीटर असेलच. तो सोबत ने. चार्जरच्या पडद्यावरचा आकडा आणि तुझ्या मीटरचा आकडा ताडून पाहा. बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या प्लगवर प्रत्येक सेल मोजता येतो. ०.०१–०.०२ चा फरक चालेल, ०.१ चा चालणार नाही, कारण तेवढ्या चुकीनं बॅटरी ४.३ पर्यंत भरली जाते. या प्रकारचे बरेच चार्जर १२ व्होल्टवर चालतात, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर धुऱ्यावर बसूनही चार्ज करता येतं. तुझ्या गावात दिवसा लाइन किती तास असते ते आठवलं की याचं मोल कळेल.

आता रेडिओ. लांब अँटेनाचा एफएम रेडिओ विसरून जा. तो एकेकाळी उत्तम होता, मी स्वतः त्यावर शिकलो. पण तो क्रिस्टलच्या जोडीवर चालतो. एक क्रिस्टल रेडिओत, तसंच दुसरं विमानातल्या रिसीव्हरमध्ये, आणि यातलं एक गेलं की आज जोड मिळवायला वणवण करावी लागते. त्याच्या आतल्या जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पाझरून तारा काळ्या पडतात आणि वरून काहीच दिसत नाही. फ्लायस्काय आय-६ मात्र माग. तो २.४ गिगाहर्ट्झचा, सहा चॅनेलचा आहे. रिसीव्हर त्याला एकदा बाइंड केला, म्हणजे जोडून दिला, की दुसऱ्या कोणाच्या रेडिओचं ऐकत नाही. नवा पाचेक हजारांना मिळतो आणि पेन्सिल सेलवर चालतो, हे खेड्यात फार सोयीचं आहे.

तो हातात घेतलास की आधी मागचं सेलचं झाकण उघड. हिरवट-पांढरा थर असेल तर आत सेल फुटून पाझरलेत. थोडा असेल तर तू घासून साफ करू शकतोस, पण भाव कमी करून माग. मग दोन्ही काड्या हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ने आणि पडद्यावरच्या पट्ट्या पाहा. काडी सोडली की पट्टी बरोबर मध्ये यायला हवी (एक उभी सोडून), कुठं थरथरायला नको. डावी उभी काडी मध्ये परत येत नसेल आणि जिथं ठेवली तिथंच राहत असेल, तर तो मोड २, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग) डाव्या हाताला. उजव्या काडीचं तसं असेल तर मोड १. दोन्हींत चूक-बरोबर काही नाही, पण तुला जो शिकवणार त्याचा जो मोड तोच तुझा. अँटेना वळवून पाहा, मुळाशी सैल नको. आणि रेडिओसोबतचा रिसीव्हर तिथंच चालू करून घे. कंपनी-कंपनीची बोली वेगळी असते. पुढं दुसरा रिसीव्हर घेशील तेव्हा तो फ्लायस्कायची एएफएचडीएस-२ए ही बोली बोलणाराच घे, नाहीतर तो या रेडिओशी जुळेलच याची खात्री नाही.

एक परीक्षा अजिबात सोडू नको. विमानाचा पंखा काढून ठेव. सगळं चालू कर, थ्रॉटल अर्ध्यावर ने आणि रेडिओ बंद कर. मोटर थांबली पाहिजे. याला फेलसेफ म्हणतात. मोटर फिरतच राहिली तर ती व्यवस्था लावलेली नाही, आणि एखाद्या दिवशी संपर्क तुटला की विमान पूर्ण वेगानं कुठंही जाऊ शकतं. रेडिओतल्या सेटिंगमध्ये जाऊन ती लावून घ्यायची. बेंचवर काहीही तपासताना पंखा काढलेलाच असला पाहिजे. मोटर लहान दिसते, पण बोटं कापते.

फोमच्या विमानाबद्दल तू कंसात अपराधी वाटल्यासारखं लिहिलंस, "एकदा नाक तुटून चिकटवलेलं." अरे, तुझ्यासाठी तेच सगळ्यात चांगलं विमान आहे. आपली काळी जमीन बघ. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल, मधल्या काळात ढेकळं आणि सऱ्या. चाकावर उतरणारं विमान तिथं पहिल्याच दिवशी उलटं होतं. ज्याची मोटर पंखांच्या वर, मागच्या बाजूला आहे ते पोटावर घसरत उतरतं आणि पंखा जमिनीला लागत नाही. नाक तुटलं तर चिकटवता येतं. फक्त कशानं चिकटवलं ते विचार. दाट फोमला फेव्हिक्विक चालतं, पण साध्या थर्माकोलला ते खाऊन टाकतं. तिथं फेव्हिकॉल नाहीतर अराल्डाईटच. चिकटवलेला जोड बोटांनी हलका वाकवून पाहा. रेष उघडली तर पुन्हा चिकटवावं लागेल, ते तुला घरी जमेल. आपल्याकडच्या बांबूची बारीक कामटी तासून आत घातली तर नाक पहिल्यापेक्षा मजबूत होतं.

पंखाची तपासणी मात्र कसून कर. विमान डोळ्यांसमोर धरून मागून एका रेषेत पाहा. एक पंख दुसऱ्यापेक्षा पिळलेला दिसतो का? उन्हात किंवा बंद गाडीत राहिलेला फोम पिळतो आणि असं विमान सरळ उडत नाही. दोन्ही टोकं धरून थोडा बाक दे. करकर आवाज आला तर आतली दांडी तडकली आहे. मोटर हातानं फिरव. चुंबकामुळं अडखळल्यासारखं वाटणं ठीक, पण रेती घासल्यासारखं वाटायला नको. नाकाजवळ धरून वास घे. जळालेल्या वाइंडिंगचा वास तुझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला चुकायचा नाही.

सर्व्हो म्हणजे विमानाचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर. त्याबद्दल मला जे झालं ते सांगतो. मी पहिलं जुनं विमान घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं टेबलावर सगळे सर्व्हो हलवून दाखवले. छान हलले. मी पैसे दिले. तिसऱ्या उड्डाणात विमान नाक खाली करून यायला लागलं, मी एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीची) काडी पूर्ण ओढली आणि काही झालं नाही. सर्व्होच्या आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचा एक दात तुटलेला होता, मध्यावर नाही, टोकाला. टेबलावर काडी थोडी-थोडी हलवली तेव्हा तो दात कामालाच आला नव्हता. दिवाळीच्या सुमाराचे दिवस, शेजारच्या वावरात छातीएवढी पऱ्हाटी, बोंडं फुटलेली. पांढऱ्या कापसात माझं पांढरं विमान. दोन तास ओळीओळीनं फिरलो, तेव्हा सापडलं. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं होतं, पैशाचं कमी आणि त्या विमानाचं जास्त. म्हणून तुला सांगतो, सर्व्होला वीज नसताना त्याचा हात बोटानं हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. कुठं खटकन उडी मारली तर दात गेला आहे. नऊ ग्रॅमचा नवा सर्व्हो शंभर-दीडशे रुपयांना मिळतो, त्यामुळं त्यासाठी सौदा मोडू नको. फक्त उडवण्याआधी तो बदल. आणि पंखाखाली काळी आणि केशरी पट्टी चिकटव. विमान वर असताना पोट कुठं आणि पाठ कुठं ते कळतं, आणि कापसात पडलं तर दिसतं.

बाल्साच्या विमानाबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण माझा त्यावर जीव आहे. ग्लो इंजिनचा आवाज आणि एरंडेल तेलाच्या धुराचा वास ज्यानं एकदा घेतला त्याला विजेवरची विमानं मुकी वाटतात. पण तू ते आज घेऊ नको. त्याचं इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, त्यात तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. मिथेनॉल विष आहे, त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. दिग्रसला बसून ते आणणार कुठून, आणि घरात ठेवणार कुठं? इंजिन सुरू करताना बोटं पंख्याजवळ न्यावी लागतात, आणि पहिल्या वेळी शेजारी जाणता माणूस नसेल तर ते मला मान्य नाही. शिवाय माळ्यावर तीन वर्षं राहिलेल्या बाल्साला उधई लागलेली असू शकते, वरची फिल्म सैल झाली असेल (ती इस्त्रीनं ताणता येते), बिजागऱ्या ओढून पाहाव्या लागतील, आणि इंजिनात जुनं तेल चिक्कीसारखं घट्ट झालेलं असेल. हे सगळं दुरुस्त होतं. पण दुरुस्त करणाऱ्याला आधी उडवता आलं पाहिजे. त्या गृहस्थांना सांग, वर्षभरानं येऊन हे विमान मागेन. ठेवलं तर तुझं नशीब.

आता पैशांचं. आय-६ रिसीव्हरसह चालू स्थितीत असेल तर तीन हजारांपर्यंत दे. फोमचं विमान मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि सर्व्होसह तीन हजार. चार्जर एक हजार. हे झाले सात. नव्या दोन बॅटऱ्यांचे साडेतीन, आणि जास्तीचे पंखे, दोन सर्व्हो, प्लग, डिंक यांचे दीड हजार. बारा हजारांत तू उडवायला तयार, आणि दहा हजार बियाण्याला घरात राहतात. हे तुझ्या बाबांना कागदावर लिहून दाखव.

"सुटं देत नाही" यावर भांडू नको. तीन वर्षं पडलेलं सामान विकायला काढलेल्या माणसाला ते माळ्यावरून काढायचंही असतं आणि त्यातून मन काढणं जडही जातं. त्यानं उडवणं का सोडलं ते विचार. डोळे, गुडघे, बदली, काहीतरी असेल. आणि मग मी वर म्हटलं ती गोष्ट माग. त्यांना म्हण, "मला हे विमान एकदा उडवून दाखवा, आणि एक रविवार शिकवा." त्यांच्या हातात जी सवय आहे ती कुठल्याही पेटीत येत नाही. त्यासाठी आधी नवी बॅटरी घेऊन जा, कारण जुनीवर उडवायचं नाही. ज्यानं विमान स्वतः जुळवलं त्याला ते कोणाच्या तरी हातात परत उडताना पाहायचं असतं, हे मी अनेकदा अनुभवलं आहे. जाताना वावरातलं काही, तुरीची डाळ नाहीतर हरभरा, घेऊन जा. उडवून दाखवायला ते तयार असतील तर माझ्या आकड्यांवर हजार-दीड हजार जास्त दे, बिनधास्त दे. विमान जमिनीवर ठेवूनच विकायचं म्हणत असतील, बॅटरी लावू देत नसतील, किंवा भेटीआधीच फोनवर टोकन मागत असतील तर नमस्कार करून परत ये.

परत आलास तर हात हलवत आलास असं समजू नको. १००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे घेणारी) ए-२२१२ मोटर, ३० अँपिअरचा ईएससी आणि चार सर्व्हो दीड-दोन हजारांत येतात. ही मोटर ३ सेलवर दहा इंची पंखा लावला की सातआठशे ग्रॅम ओढते. तालुक्याला बोर्ड बनवणाऱ्याकडं सनपॅकची शीट मिळते, प्रचाराचे जुने बोर्डही चालतात. त्यापासून मीटरभर पंखांचं विमान तू आठवड्यात करशील. सोल्डरिंग तुला येतंच, या छंदात निम्मी माणसं तिथंच अडतात. रेडिओ, बॅटरी आणि चार्जर तेवढे विकत घ्यावे लागतील.

शिकण्याबद्दल तुझी चिंता खरी आहे. आजपासून मोबाइलवर पिकासिम नावाचा सिम्युलेटर घाल, फुकट आहे. रेडिओ आला की तो केबलनं संगणकाला जोडून त्यावर सराव कर. विमान तुझ्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. नवशिक्याची बहुतेक विमानं तिथंच पडतात. दहा-पंधरा तास सराव झाल्याशिवाय खरं विमान हवेत नेऊ नको. आणि नागपूरला जाशीलच, तर एनसीसीच्या हवाई शाखेतही विचारून ये. एरोमॉडेलिंग त्यांच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे, तिथं उडवणारी माणसं भेटतात.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत तुझं फोमचं विमान २५० ग्रॅम ते २ किलोच्या गटात येतं. या गटात छंदासाठी उडवणाऱ्याला पायलटचा परवाना लागत नाही. बाल्साचं ४६ वालं बहुधा दोन किलोच्या वर भरतं, मग ही सूट उरत नाही, हेही एक कारण झालं. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशावर तुझं गाव शोध. हिरव्या भागात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूटच. नोंदणीचे नियम डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर वाचून तेही काम करून टाक. विमान नेहमी डोळ्यांना दिसेल इतकंच दूर. टिपेश्वरसारख्या अभयारण्याच्या बाजूला तर जायचंच नाही. आणि कागदाइतकंच महत्त्वाचं म्हणजे सरपंच आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेव. चोर ड्रोननं टेहळणी करतात अशा अफवा मध्यंतरी राज्यात गावोगाव पसरल्या होत्या. अंधार पडल्यावर उडवू नको आणि विमानावर तुझं नाव आणि फोन नंबर लिही.

जागा तुझ्याकडे आहे, ही शहरातल्या माणसाला न मिळणारी श्रीमंती आहे. अडीच एकर म्हणजे एक हेक्टर, शंभर मीटर बाय शंभर मीटर. सोयाबीन सोंगून झालेलं आणि हरभरा न पेरलेलं असं एवढं वावर मिळालं तर उत्तम. कापसाची उलंगवाडी झाल्यावर मग सगळीकडं मोकळंच. शेतातली विजेची लाइन कुठून जाते ते आधी पायी फिरून पाहा, उडवताना ती दिसत नाही. तारेवर विमान अडकलं तर ते गेलं असं समज, बांबूनं काढायला जाऊ नको. ज्या वावरात बाया वेचणी करत आहेत तिथं विमान न्यायचं नाही. सकाळी उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत वारा पडलेला असतो, तीच वेळ. घारी अंगावर आल्या तर खाली उतरव, त्यांच्याशी खेळू नको. आणि पडलंच, तर नजर त्या जागेवरून न काढता त्या रेषेतलं एखादं बाभळीचं झाड धर आणि सरळ तिकडं चालत जा. मी दोन तास फिरलो ते एवढं न केल्यामुळं.

राहिले बाबा. पहिल्या दिवशी त्यांना वावरात सोबत घेऊन जा. हे विमान हातानं फेकावं लागतं, आणि नवशिक्याचे दोन्ही हात काड्यांवर असतात, म्हणून फेकायला दुसरा माणूस लागतोच. तुझ्या बाबांनी लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकलायला गोफण फिरवली असेल, त्यांचा हात तुझ्यापेक्षा सरळ जाईल. त्यांना सांग, विमान पंखाखालून, पोटाला धरा, मागच्या पंख्यापासून हात लांब ठेवा. वाऱ्याकडे तोंड करा. नाक वर नको, क्षितिजाकडं सरळ. तू मोटर पूर्ण चालू कर, "सोडा" म्हण, आणि त्यांनी भाला फेकल्यासारखं नाही, तर दोन पावलं चालत जाऊन हलकेच पुढं सोडावं.